गाद्यांच्या दुकानातली झोप

गाद्यांच्या दुकानात ताईंचं काम गिऱ्हाइकाला गादी दाखवण्याचं. त्या स्वतःच आडव्या व्हायच्या, "बघा, कंबर कशी अलगद टेकते," एवढं म्हणायच्या आणि पुढच्याच क्षणी ढाराढूर! गिऱ्हाईक हरखून म्हणायचं, "हीच द्या." मालक खूश.

ताईंची मात्र दैना होती. रात्रभर झोपूनही सकाळी अंग मोडून आलेलं असायचं. चौदाव्या वर्षी त्यांचे पुढे आलेले दात मागे घ्यायला चार चांगले दात काढून तारा बसवल्या होत्या. हसू असं देखणं झालं, की नवरा त्यावरच भाळला. आता तोच नवरा घोरण्याला कंटाळून बाहेरच्या खोलीत झोपायचा.

एका दुपारी गादीवर घोरता घोरता ताई एकदम गप्प झाल्या आणि मग धापकन श्वास घेऊन उठल्या. समोरची गिऱ्हाईक बाई निघाली दातांची डॉक्टर.

"गादी छान आहे, पण तुमचा श्वास अडतोय. आ करा बघू."

तिथेच, मोबाइलच्या उजेडात तपासणी झाली. जबडा अरुंद, जिभेला जागा कमी.

"म्हणजे चौदाव्या वर्षी चार दात काढले म्हणून?"

"असेलही, नसेलही. दात काढलेली कितीतरी माणसं शांत झोपतात. तुमचा जबडा मुळातच लहान असेल. आधी झोपेची तपासणी करा."

तपासणीत कळलं, तासाला बावीस वेळा श्वास अडतो. मग रात्री दातांवर चढवायचा, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारा साचा मिळाला. आठ दिवस लाळ गळली, जबडा ठणकला. नवव्या सकाळी ताईंनी नवऱ्याला गदागदा हलवलं.

"अहो, मी जागी आहे! पूर्ण जागी!"

"अगं, पण मी झोपलोय ना!"

ताई दुकानात जवळजवळ धावतच गेल्या. गादीवर आडव्या झाल्या आणि खुदखुदायला लागल्या. मालक कुजबुजले, "ताई, झोपा की!"

"नाही हो येत!" ताईंना हसू आवरेना. गिऱ्हाईकही हसत सुटलं, शेजारच्या गादीवर बसकण मारून उड्या मारू लागलं. शेवटी मालकांनी हात टेकले. "इथून पुढे झोपायचं गिऱ्हाइकाने," त्यांनी जाहीर केलं.

त्या संध्याकाळी ताई नवऱ्याबरोबर सिनेमाला गेल्या. कित्येक वर्षांनी त्यांनी शेवट पाहिला. घरी येईपर्यंत भर रस्त्यात, हातवारे करकरून, त्या नवऱ्याला तोच सिनेमा पुन्हा सांगत होत्या.