जर्मनचाचा आणि पुसलं गेलेलं हरीण

ती सुरी मी घासली होती, चाचांनी नाही. हे आधीच सांगून टाकतो. सौदीतल्या अल-खोबरच्या जुन्या बाजारात आजही कुणी म्हणत असेल की म्हाताऱ्याचा हात शेवटी बिघडला, तर त्याने ते माझ्या नावावर लिहावं. मला चाचांबद्दल अभिमानाने लिहायचंय आणि हे मनात ठेवून तसं लिहिता येत नाही.

चाचा सुरी आधी बघत नसत, हुंगत असत. गिऱ्हाईक म्यानातून सुरी काढून काचेवर ठेवी. चाचा ती उचलून मूठ नाकाशी नेत, डोळे मिटत आणि म्हणत, "शिंग आहे," किंवा "प्लास्टिक आहे, मेल्या." शंका राहिलीच तर तापलेली सुई मुठीला आतल्या बाजूने जेमतेम टेकवायची. जळक्या केसांसारखा वास आला तर ते खरं सांबरशिंग. "नाक आधी, डोळे मग," ते म्हणत. "डोळ्यांना लगेच भुरळ पडते."

ते मूळचे दाभोळचे. तरुणपणी इथे रस्ते बांधणाऱ्या एका जर्मन कंपनीत स्टोअरकीपर म्हणून आले. सुट्टीच्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकजवळ बसून पात्यावरचे ठसे वाचायला शिकले. जर्मन आपल्या देशी परतले, पण त्यांच्या शिकारीच्या आणि रोजच्या वापरातल्या सुऱ्या इथेच राहिल्या. कुणाच्या मजऱ्यात म्हणजे शेतावर, कुणाच्या गाडीत, वाळवंटात वाट दाखवणाऱ्या बदूंच्या घरात. चाचांनी पुढे तंबू, दल्ला म्हणतात त्या कॉफीच्या किटल्या आणि शिकारीचं सामान विकणाऱ्या दुकानात नोकरी धरली आणि मागच्या कोपऱ्यात त्या सुऱ्यांसाठी एक काचेचं कपाट मांडलं. जर्मनचाचा हे नाव बाजाराने दिलेलं. त्यावर ते हसत. "आमच्या घरी जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमचा भाताचा टोप रे. बघ, टोपाचं नाव लागलं मला!"

मी खोबरला एका प्रकल्पावर इंजिनिअर. गुरुवारी संध्याकाळी काम संपलं की सरळ त्यांच्याकडे जायचो. मला ते "इंजिनेर" म्हणत, आणि त्यात आदर फारसा नसे.

किंमत सांगताना ते कुणाचीही भीड ठेवत नसत. एकदा रियाधहून एक पुण्याचे बँकवाले साहेब आले. म्हणाले, "दुसऱ्या महायुद्धातली आहे, चाचा. खात्रीची."

चाचांनी पात्याच्या मुळाशी अंगठा ठेवला. "साहेब, इथे काय लिहिलंय ते वाचा."

"वेस्ट जर्मनी."

"युद्ध चालू होतं तेव्हा पश्चिम जर्मनी होती कुठे? भांडण संपल्यावर घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा झाली ती. सुरी चांगली आहे, ठेवा. फळं कापा."

साहेब लालबुंद झाले, पण जाताना चहा पिऊन गेले. अशाने गिऱ्हाइकं तुटतील, असं मी म्हणालो. चाचा म्हणाले, "तुटू देत. मी एकदा खोटं बोललो तर ह्या कपाटातली सगळीच खोटी होतील."

बाजारातल्या एका अरब गिऱ्हाइकाने, अबू नासिरनी, आपल्या वडिलांची सुरी त्यांच्या हाती दिली, ती ह्याच कारणाने. त्यांच्या वडिलांनी एका जर्मन सर्व्हेअरला वाळवंटातून फिरवलं होतं आणि त्याने निरोप घेताना ती दिली होती. वडील गेले. भावांमध्ये वाटणी चालली होती आणि सुरी सगळ्यांनाच हवी होती. जो घेईल त्याने इतरांना तिची किंमत द्यायची आणि ती किंमत जर्मनचाचा सांगतील, असं ठरलं. पातं काळपट पडलेलं. तिरप्या उजेडात धरलं की त्यावर पळतं हरीण दिसायचं, केसाएवढ्या रेषांचं. चाचा म्हणाले, "इतकी चांगली माझ्या हातात कधी आली नव्हती." मला ते काळपटपण दाखवून म्हणाले, "हा मळ नव्हे. हे वय आहे."

मी ते ऐकलं होतं. तरीही.

किंमत सांगायच्या दिवशी खंडेनवमी होती. माझे वडील टर्नर. ह्या दिवशी घरातली प्रत्येक पकड, प्रत्येक पाना घासूनपुसून लखलखीत करून पाटावर मांडत. दुकानात पूजा मांडायचा प्रश्नच नव्हता, पण निदान हत्यारं तरी उजळावीत, चाचा परत आल्यावर खूश होतील, असं मला वाटलं. ते अर्धं शटर ओढून मगरिबच्या नमाजाला गेले. मी पॉलिशची पेस्ट घेतली. कपाटातली चार-पाच पाती झाली आणि हात त्याच लयीत अबू नासिरच्या सुरीवर गेला. वर बघितलं तेव्हा पातं आरशासारखं झालं होतं आणि हरीण नव्हतं.

चाचा आले, आणि त्यांच्या मागोमाग अबू नासिर, दोन भावांना घेऊन. किंमत ऐकायला.

चाचांनी सुरी उजेडात धरली. तिरपी केली. पुन्हा केली. मग माझ्या हातांकडे पाहिलं. माझी नखं काळी होती. मी हात खिशात घातले.

"हे कुणी केलं?" अबू नासिरनी विचारलं.

"माझ्या हातून झालं," चाचा म्हणाले.

अबू नासिर सुरी रुमालात गुंडाळून घेऊन गेले. बाजारात बातमी फिरायला वेळ लागला नाही. पुढे लोक सुरी दाखवायला येत, पण चाचांच्या हातात द्यायला कचरत, स्वतःच धरून उभे राहत. चाचा दोन्ही हात पाठीमागे बांधून, वाकून बघत. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. गुरुवारी चहा तसाच येत राहिला आणि मी तो पीत राहिलो.

गेल्या हिवाळ्यात चाचांचं फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी परतणं, ठरलं. मी म्हटलं, "चला, अबू नासिरना सलाम करून येऊ." ते यायला तयार नव्हते. मी जवळजवळ ओढूनच गाडीत बसवलं.

गावाबाहेरच्या अबू नासिरच्या इस्तिराहात, विसाव्याच्या घरात, सगळे भाऊ जाजमावर बसले होते. मी बसलो नाही. हिंदी आणि माझ्या मोडक्या अरबीत सगळं सांगितलं. आमचा सण, वडिलांची सवय, पेस्ट, खिशात घातलेले हात. अबू नासिरनी चाचांकडे वळून पाहिलं. मग मुलाला हाक मारून सुरी मागवली आणि ती चाचांच्या हातात दिली. ज्यासाठी मी चाचांना ओढून आणलं होतं, ते माझ्यापुरतं तिथेच झालं.

चाचांनी आधी मूठ हुंगली. मग पातं दिव्याखाली हळूहळू फिरवलं.

"शिंगं राहिलीत हरणाची," ते म्हणाले. "आणि मागचा एक पाय. किंमत निम्मी."

"निम्मीच?" धाकटा भाऊ हसला. "आज तरी थोडी वाढवा, चाचा!"

"का? इंजिनेरने कबूल केलं म्हणून पातं काळं झालं काय?"

सगळे हसले. अबू नासिरनी उठून चाचांच्या कपाळाचं चुंबन घेतलं, वडीलधाऱ्यांचं घेतात तसं. मग भावांनी आपापल्या कमरेच्या, गाडीतल्या सुऱ्या काढल्या आणि एकेक करून चाचांच्या उघड्या तळहातावर ठेवू लागले. ते प्रत्येक मूठ नाकाशी नेत होते. त्या हातांएवढा अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही.

मी त्यांच्या शेजारी बसलो आणि तिथे आम्हा दोघांनाच कळणाऱ्या मराठीत बोलायला लागलो.

"गप बस रे," ते सुरीवरची नजर न काढता म्हणाले. "चहा पी."

"नाही चाचा, ह्यांना सांगून झालं, तुम्हाला सांगायचं राहिलंय. तुम्ही माझी नखं बघितलीत आणि मी हात लपवले. चुकलो. मला माफ करा."