बिअरच्या कंपनीतलं पाणी

चांगोच्या गळ्यात तुळशीची माळ आणि नोकरी मुरबाडकडच्या एका बिअरच्या कारखान्यात. माळकऱ्याला बिअर वर्ज्य, म्हणून जन्मात त्यानं तिचा थेंब चाखला नाही. तो चाखायचा पाणी. बोअरचं पाणी जड. तसंच वापरलं तर बिअर घशाला खरखरते आणि क्लोरीनचा वास राहिला तर औषधासारखी लागते, हे साहेबांनी त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. शुद्ध केलेलं पाणी जिभेवर घोळवायचं, बरं असेल तरच पुढं सोडायचं, एवढंच त्याचं काम.

शेणव्याजवळच्या त्याच्या गावात मात्र हे कुणाला पटेना. वाळीत कुणी टाकलं नाही, पण भजनी मंडळानं त्याच्याकडचे टाळ काढून घेतले. गावातल्या अर्ध्या पुरुषांना शनिवारी तीच बाटली गोड लागायची, बनवणारा तेवढा विटाळलेला! लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. बायको सकुबाई होती तोवर दोघं घरातच हरिपाठ म्हणायची. ती गेली आणि घर खायला उठलं. एकट्यानं हरिपाठ होतो, भजन होत नाही. त्याला पुन्हा त्या मंडळींत उभं राहायचं होतं, बाकी काही नको होतं.

यंदा सप्ताहाच्या तोंडावर गावच्या विहिरीनं तळ गाठला. चांगोनं साहेबांच्या हातापाया पडून शुद्ध पाण्याचा टँकर आणला. कुठला, हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. डाळ लोण्यासारखी शिजली, चहाला रंग चढला.

"पानी कसा गोड हाय गो!" बाया म्हणत होत्या. चांगो दिवसभर हंडे भरून देत होता. किती दिवसांनी माणसं त्याच्याशी हसून बोलत होती!

संध्याकाळी भजन उभं राहिलं तसा तो मंडपात शिरला आणि टाळांना हात घातला. मंडळाचा म्होरक्या दामू, त्याचा लहानपणचा सोबती, त्याला दंडाला धरून बाजूला घेऊन गेला.

"चांगो, तिथं नको उभा राहू रे."

"आरं, दिवसभर तुमी पानी प्यालात..." चांगो म्हणाला. "त्यो टँकर आमच्या कंपनीचा हाय."

"ठाव हाय. सकालीच कलला आमाला." दामूनं मान खाली घातली. "पानी चालतंय रे. तू नाय चालत."

चांगो घरी आला. मंडपातला अभंग ओटीपर्यंत ऐकू येत होता. धृपद आलं तसे शब्द आपोआप त्याच्या ओठांवर आले. त्यानं ते गिळले, दार लावलं आणि ओक्साबोक्शी रडला.