डक्टवाल्याचं खुराडं

सौदीत तबूकच्या डोंगरात आम्हा कामगारांचा कॅम्प होता आणि कॅम्पच्या मागे माझ्या चार कोंबड्या. बर्फ पडणार असं कळलं आणि मी घाबरलो. आम्ही कोकणातली माणसं, बर्फ पाहिलेला तो मासळीच्या पेटीत. माझं काम एसीच्या डक्टला, म्हणजे गार हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळाला, फोम लावायचं. तोच फोम खुराड्याला गुंडाळला, आत बल्ब लावला आणि टेपने एकूण एक फट बंद केली. डक्टला जरा फट राहिली तर फोरमन शिव्या घालतो, त्यामुळे हाताला तीच सवय.

सकाळी सगळीकडे पांढरं. खुराड्याचं दार उघडलं तर गरम वाफ तोंडावर आली. फळ्यांवरून पाणी ठिबकत होतं आणि कोंबड्या चोची वासून धापा टाकत होत्या. थंडीने मरतील म्हणून भ्यालो आणि मीच त्यांना उकडायला निघालो होतो! घाईघाईने वर दोन भोकं पाडली. हळूहळू त्या सावरल्या. एकीने बर्फावर पाय ठेवला, चटकन मागे घेतला आणि माझ्यावरच ओरडली. तिचं ते ओरडणं ऐकून माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी गावी बायकोला फोटो पाठवला: बर्फ, खुराडं आणि माझ्या हातात अंडं. तिचा लगेच फोन आला, "हा कुणाला दाखवू नका. लोक म्हणतील, हे सौदीला गेलेच नाहीत."