सुर्वेबाईंच्या एकतीस स्पेस

सुर्वेबाई कुठलीही पाटी नुसती वाचत नसत, मोजत असत. तुर्भे नाक्यावर बसची वाट बघताना समोरच्या बेकरीच्या इंग्रजी पाटीकडे त्या डोळे बारीक करून बघायच्या, उजव्या हाताची बोटं पर्सवर टकटक करायची आणि मग निकाल लागायचा, "सतरा अक्षरं. डावीकडे सरकलंय. रंगाऱ्याने मोजलंच नाय." मी पाटीकडे बघायचो. मला ती चांगली सरळ दिसायची. आमच्या दोघांत कोणाचे डोळे बिघडलेत, हे मला कधीच ठरवता आलं नाही.

अठ्ठावीस वर्षं त्या टायपिस्ट होत्या. तुर्भ्याच्या एमआयडीसीत आमची पंप बनवणारी कंपनी होती आणि कंपनीची सगळी इंग्रजी पत्रं बाईंच्या हाताखालून जायची. टाइपरायटरवर मथळा मधोमध आणायचा तर यंत्र काही मदत करत नाही. ओळीत पंच्याऐंशी घरं. मथळ्याची अक्षरं मोजायची, पंच्याऐंशीतून वजा करायची, उरेल त्याचं निम्मं करायचं आणि तेवढ्या वेळा स्पेसची दांडी दाबायची. बाई हे सगळं बोलता बोलता करायच्या. "आधी माप, मग मशीन," हे त्यांचं वाक्य. भाजी चिरण्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत त्यांनी ते कुठेही लावलं असतं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. कंपनीची वेबसाइट हवी, असं वरून ठरलं आणि त्याच आठवड्यात टायपिंग सेक्शन बंद करायचं, हेही ठरलं. बाकीच्या दोन टायपिस्ट मुकाट्याने राजीनामा देऊन गेल्या. बाई गेल्या नाहीत. त्यांच्या मिस्टरांची नोकरी आधीच सुटली होती आणि कोपरखैरण्याचं घर बाईंच्या एकटीच्या पगारावर चालत होतं. त्या सरळ नाडकर्णी साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांना एक महिना मिळाला होता. वेबसाइटचं एक पान, आमच्या सगळ्या पंपांच्या यादीचं, बाईंनी स्वतः करून दाखवायचं. जमलं तर कॉम्प्युटर सेक्शनला बदली. नाही तर घरी.

शिकवणार कोण? मी. कॉम्प्युटर सेक्शन म्हणजे मी एकटाच होतो, वय तेवीस, नोकरी अजून कायम व्हायची होती. माझं ज्ञान म्हणजे वाशीच्या एका क्लासच्या झेरॉक्स नोट्स. त्यातलीही मधली काही पानं झेरॉक्सवाल्याने उलटी ठेवल्यामुळे कोरीच आली होती. साहेबांना वाटायचं, मला सगळं येतं. ते तसं वाटू देण्यात मी तरबेज होतो.

पहिल्या दिवशी बाई वही आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली घेऊन आल्या. मी सांगितलं, बाई, अक्षर ठळक करायचं तर टोकदार कंसात बी लिहायचं. मग आपला शब्द. मग पुन्हा कंसात तिरकी रेघ आणि बी. पहिल्याने ठळकपणा सुरू होतो, दुसऱ्याने बंद.

"आणि बंद नाय केला तर?"

"तर खालचं सगळं पान ठळक."

"अगोबाई. म्हणजे गॅससारखं." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी जे केलं ते माझ्या नोट्समध्ये कुठेच नव्हतं. त्यांनी सुरुवातीची खूण टाइप केली, लगेच शेवटची केली आणि मग बाणाच्या बटणाने मागे येऊन मध्ये शब्द भरला. "उघडलेलं आधी बंद करून ठेवायचं रे. मग आत काय गोंधळ घालायचा तो घाला." त्या महिन्यात बंद करायला विसरलो तो मीच, चार वेळा. बाई एकदाही नाही.

गाडं अडलं ते मथळ्यापाशी. मथळ्यात तेवीस अक्षरं होती. पंच्याऐंशीतून तेवीस गेले, बासष्ट, निम्मे एकतीस. बाईंनी एकतीस वेळा स्पेस दाबली, मथळा टाइप केला, फाइल सेव्ह केली आणि ब्राउझरमध्ये उघडली. मथळा पार डाव्या कडेला चिकटलेला. त्यांनी परत केलं. परत तेच. तिसऱ्या वेळी मोठ्याने मोजत केलं.

"अविनाश, माझ्या एकतीस स्पेस गेल्या कुठे?"

"ब्राउझर एकच स्पेस धरतो, बाई. किती का द्या ना."

"का पण?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तसंच असतं."

"तसंच कसं असेल? मी दाबल्यात ना. फाइलमध्ये दिसतायत. मग इकडून तिकडे जाईपर्यंत कोणी खाल्ल्या?"

मी घाईघाईने त्यांना सेंटरची खूण शिकवली. ती घातली आणि मथळा पटकन मधोमध येऊन बसला. मला वाटलं, आता बाई खूश. त्यांनी ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली आणि स्क्रीनच्या काचेला लावली. डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं. "आहे बरोबर," त्या म्हणाल्या, "पण मोजलं कोणी?"

मी प्रात्यक्षिक दाखवायला ब्राउझरच्या खिडकीची कड माउसने धरून खिडकी अरुंद केली. मथळा सरकून पुन्हा मधोमध. रुंद केली, पुन्हा मधोमध. हे बघून त्या आणखीनच गोंधळल्या. फूटपट्टी हातातच राहिली.

"पान लहान-मोठं कसं होतं? पान केवढं आहे ते तरी सांग मला."

"पानाला रुंदी नसते, बाई. बघणाऱ्याच्या खिडकीएवढं पान."

"मग मी माप कशाचं घेऊ?"

खरं सांगायचं तर तोवर मला हा प्रश्न पडलाच नव्हता. दोन दिवस आम्ही दोघं त्या रिकाम्या पांढऱ्या पानाकडे बघत बसलो. मधल्या सुट्टीत डबा खाताना त्या एकदम म्हणायच्या, "कागदच नाय रे त्याला. कडाच नाय." आणि माझा घास तोंडात फिरायचा.

मथळा निभावला, पण यादी मोठी होती. पंपाचं नाव, आकार, दाब, वजन असे चार रकाने, साठ-पासष्ट ओळी. रकाने पाडायचे तर टेबलाची खूण वापरायची असते. एका टेबलात ओळी, ओळींत घरं, प्रत्येक घर उघडायचं आणि बंद करायचं. ते मला धड येत नव्हतं. मी करायला जायचो आणि अख्खं पान गायब व्हायचं. नोट्समधली नेमकी ती पानं उलटी, म्हणजे कोरी होती. वाशीला जाऊन क्लासच्या मास्तरांना विचारता आलं असतं. मी गेलो नाही. ज्याला सगळं येतं तो विचारायला कसा जाणार?

चार दिवस उरले तेव्हा मला प्री नावाची एक खूण सापडली. तिच्या आत जे टाइप कराल ते जसंच्या तसं दिसतं. प्रत्येक स्पेस जागच्या जागी. मी धावतच बाईंकडे गेलो. बाईंनी दीड तासात सगळी यादी मारली. एवढ्या भरभर बोटं मी आजवर कोणाची चाललेली पाहिली नाहीत. ब्राउझर उघडला आणि चारही रकाने भिंतीसारखे उभे.

त्या खुणेत अक्षरंही जुन्या टाइपरायटरच्या वळणाची येतात. बाई बघतच राहिल्या. "अरे, हा तर माझा टाइप!" त्यांनी स्टोअरच्या माणसांना बोलावून दाखवलं. महिन्याभरात पहिल्यांदा त्या मोकळेपणाने हसल्या. मग हसू आवरून त्यांनी मला विचारलं, "पण अविनाश, असं चालतं ना? हीच पद्धत ना?"

बाहेरच्या वेबसाइट मी पाहिल्या होत्या. रंगीत चौकटी, आखीव टेबलं; अशी टाइप केलेली यादी कुठेच नव्हती. मला माहीत होतं. मी स्क्रीनकडे बघत म्हटलं, "हीच पद्धत, बाई. टेन्शन घेऊ नका."

शनिवारी नाडकर्णी साहेब माझ्या खुर्चीत बसले. बाई डावीकडे, मी उजवीकडे. साहेबांनी पान वरून खाली सरकवलं. "हे काय? वेबसाइट आहे की टाइप केलेलं पत्र? बाहेरचे लोक हे बघून काय म्हणतील?" मग माझ्याकडे वळून, "टेबल का नाही केलं? तू शिकवलं नाहीस का यांना?"

मी माझ्या झेरॉक्स नोट्स सारख्या करू लागलो. 

"शिकवलं ना साहेब," बाई म्हणाल्या. "त्याने सगळं नीट शिकवलं. मलाच जमलं नाय."

साहेबांनी मान हलवली आणि ते उठले. सगळं दहा मिनिटांत आटोपलं.

मी व्हरांड्यात बाईंना गाठलं. मला राग आला होता, कोणाचा ते कळत नव्हतं. "बाई, असं का सांगितलंत? मी कुठे शिकवलं टेबल?"

"पानाच्या तळाशी बघितलं नाय तू?" त्या म्हणाल्या. मी परत आत जाऊन पाहिलं. सगळ्यात खाली, डाव्या कोपऱ्यात, माझी आद्याक्षरं होती, मग तिरकी रेघ, मग बाईंची. कंपनीच्या प्रत्येक पत्राखाली असतात तशी. आधी मजकूर सांगणाऱ्याची, मग टाइप करणाऱ्याची.

"साहेबांनी सांगताना चूक केली तरी टायपिस्टनं ते तिसऱ्याला सांगायचं नसतं," मी बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षांत आमी कधी सांगितलं नाय. आता तुझ्यापासून सुरू करू?"

म्हणजे बाईंनी महिनाभर मला साहेब धरलं होतं. मला, तेवीस वर्षांच्या, उलट्या झेरॉक्सवाल्याला. हा मान होता की शिक्षा, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही. साहेबांकडे जाऊन खरं सांगायला माझ्याकडे सोमवार होता, मंगळवार होता. बुधवारी बाईंच्या राजीनाम्याच्या कागदांवर सह्या झाल्या. माझी नोकरी पुढच्या महिन्यात कायम झाली.

ती यादी टेबलात बसवायचं काम माझ्याकडेच आलं. मी वाशीला गेलो, मास्तरांना विचारलं, शिकलो. दोन दिवस लागले. फक्त दोन दिवस. लाज म्हणजे काय, ते मला त्या दोन दिवसांत समजलं.

मग दोनेक महिन्यांनी धीर करून मी कोपरखैरण्याला त्यांच्या घरी गेलो. बाई बेलापूरच्या एका वकिलाकडे अर्धा दिवस टायपिंगला जाऊ लागल्या होत्या. चहा झाला, मिस्टर पेपर घेऊन गॅलरीत गेले. मी वाटेत दहादा घोकलेलं एका दमात बोलून टाकलं, "बाई, टेबल मला येतच नव्हतं. प्री ही पद्धत नाही हेही मला माहीत होतं. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

बाई माझ्याकडे बघत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ते माहितीये मला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तू माझ्याकडे न बघता हो म्हणालास ना, तेव्हाच कळलं." आणि उठून त्यांनी कपाटातून वही काढली, कोरं पान उघडलं, पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "आता येतं ना? मग दाखव."

घरात कॉम्प्युटर नव्हता. पुढे कधी येईल असंही दिसत नव्हतं. मी त्या कागदावर टेबल लिहायला घेतलं.