तेरावी कादंबरी

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पुरती तयारी करून बोलण्यावरही नव्हता, म्हणून तर हे घडलं...

२०१४ साल. सिंगापूरच्या हौगांगमधल्या आमच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये रविवारी दुपारी चारला आम्हा मराठी मंडळींचा वाचनकट्टा भरायचा. त्या दिवशी मी एका जपानी रहस्यकथाकाराच्या तेरा कादंबऱ्यांवर बोलणार होतो. खिशातून टिपणं काढली आणि गंभीर चेहऱ्याने वाचायला लागलो – "मेथी दोन जुड्या, हिंग..." बायकोची यादी! टिपणं घरीच राहिली होती.

तरी निभावलं. हा लेखक आधी विमा कंपनीत कारकून, पहिली कादंबरी चाळिशीत. खून कोणी केला हे तो पहिल्याच प्रकरणात सांगून टाकतो. पुढे शोध असतो तो गप्प कोण बसलं याचा. बारा पुस्तकं झाली. तेरावं मी वाचलंच नव्हतं, आणि कुलकर्णी काकूंनी नेमकं त्याचंच विचारलं. नाही म्हणवेना. मग मी चक्क माझीच गोष्ट ठोकून दिली.

संजय माझा ऑफिसातला मित्र. त्याआधी दोन वर्षं माझ्या चुकीने क्लायंटची सिस्टिम दिवसभर बंद पडली आणि मीटिंगमध्ये नाव त्याचं आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो. त्याची नोकरी गेली, त्याबरोबर इथे राहायचा वर्क पासही गेला. मुलीची शाळा अर्ध्यावर सोडवून तो पुण्याला परतला. घरी मी सांगितलं, मला हे उशिरा कळलं.

कट्ट्यावर मी आम्हा दोघांना ओसाकाचे इंजिनिअर केलं. चष्माही ठेवला. एक वाक्य तेवढं गाळलं. मीटिंगनंतर लिफ्टपाशी संजय हळूच म्हणाला होता, "झाला का चष्मा साफ?" तिथे आम्ही दोघंच होतो.

टाळ्या पडल्या. वर घरी येताना बायको म्हणाली, "गोष्ट छान होती रे. पण तो चष्मेवाला... शी."

पुढच्या शनिवारी लायब्ररीतून तेरावं पुस्तक आणलं – किती फेकलंय ते तरी बघू म्हणून. शेवटून दुसरं प्रकरण. ऑफिस, मीटिंग, चष्मा पुसणारा मित्र... आणि लिफ्टपाशी तेच वाक्य. इंग्रजीत, पण तेच. मूळ पुस्तक मी सिंगापूरला येण्याच्याही आधीचं.

योगायोग म्हणून पाहिलं. आजही जमत नाही.

त्या दुपारी मी ते पान बायकोपुढे सरकवलं आणि सगळं सांगून टाकलं. तिने वाक्य दोनदा वाचलं, पुस्तक मिटलं.

"मला इतके दिवस वाटायचं," ती म्हणाली, "त्या मीटिंगला तू नव्हतासच."