फिनाईल ओतलेला ट्रंपेट

देशमुखांच्या भाच्यानं माझ्या ट्रंपेटात फिनाईल ओतलं. भर वरातीत. अख्खी बाटली.

आदिलाबाद जिल्ह्यातलं, बाजारहत्नूरच्या अलीकडचं गाव. नवरदेव देशमुखांचा पोरगा, घोड्यावर बसून मारुतीच्या पाया पडायला निघालेला. पुढं आमचा बँड. मी ट्रंपेटवाला. खोटं कशाला सांगू, मी नेरडीगोंड्याच्या हायवेवर फुंकलं की बेल्लमपल्लीच्या खाणीत छताचा कोळसा आपोआप गळतो. पण त्या दिवशी माझ्या ओठाच्या कोपऱ्यात फोडांचा घोस होता. आधी ताप आला होता, तो ओठावर फुटला. आमच्याकडं कोणालाही फुटतो.

भाचा हैदराबादला शिकलेला. त्यानं मोबाईलच्या बॅटरीचा उजेड माझ्या तोंडावर मारला.

"थांब. तोंड उघड."

मी उघडलं. का उघडलं? बापानं उघडलं होतं, आज्यानं उघडलं होतं, म्हणून. बाजारात बैलाचे दात पाहावेत तसं त्यानं पाहिलं आणि वरातीला ऐकू जाईल असं म्हणाला, "हर्पीस हाय हे. बायाईकडं जाऊन येते त्याचं दुखणं. मामा, हा मांडवात नोको. नालीपलीकडं बसवा याले."

मग फिनाईल. ट्रंपेटातून पांढरं पाणी माझ्या पायावर सांडलं. पोरं हसली. बायांनी पदर नाकाला लावले.

आणि घोड्यावरच्या नवरदेवाच्या ओठावर? तसाच घोस. हळदीखाली झाकलेला. सकाळी त्याच्या मावश्या म्हणत होत्या, "उष्णता झाली लेकराले." त्याची उष्टी हळद ताटात घालून नवरीकडं गेली, तेव्हा ताटापुढं मीच वाजवत होतो. त्याचा रिपोर्ट कोणी मागितला नाही.

माझा मागितला. बँडच्या मालकाला आम्ही मास्तर म्हणतो. मास्तर म्हणाला, "रिपोर्ट आण, मंग वाद्याले हात लाव. मले गिऱ्हाईक पाह्यजे ना बापा."

फोड तुरीच्या डाळीएवढा. बातमी बसस्टँडवर पोचेपर्यंत त्याचा कोहळा झाला. नागपुरात माझ्या सात बाया निघाल्या. नागपुरात मी जन्मात एकदा उतरलो, तोही लघवीला.

हे सांगून मी घरी हसवायला गेलो. बायको हसली नाही. शेवंता तिचं नाव. मांडीवर आमची तान्ही पोर.

"कोणती होती, तेवढं सांगा."

"कोणीच नाई."

"मंग हे काऊन?"

काऊन, ते मला कुठं ठाऊक? तिनं पाळणा माझ्या खाटेपासून दूर ओढला. कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली. तिचा भाऊ बेल्लमपल्लीला खाणीत कामाला आहे, तिकडं जायचं म्हणत होती. वाघ पाहून मी पळालो नाही असं गावभर सांगतो. त्या पिशवीला मात्र भ्यालो. पोर माझ्याकडं पाहून हात उडवायची आणि मी हात मांडीखाली दाबून बसायचो.

आदिलाबादला पहिल्या लॅबमध्ये रक्त दिलं. बाकावर माणसं दाटलेली. आतून कागद फडकवत पोरगा आला आणि तेलुगूत ओरडला, "हर्पीस एवरु?" हर्पीस कोण? जसं ते माझं नाव. मी उभा राहिलो. माझ्यामागं बाक रिकामा झाला.

कागदावर पॉझिटिव्ह.

 तसाच दुसऱ्या लॅबमध्ये गेलो. तिथला कागद आला, निगेटिव्ह. एकाच हाताचं रक्त, एका दुकानात बाहेरख्याली, दुसऱ्या दुकानात संत! मी पहिला कागद पाहिला की मरायचो, दुसरा पाहिला की उठायचो, आणि दोन्ही एकत्र पाहिले की नुसता घामानं भिजायचो. खरा कोणता? पोरीला दिलं का मी? शेवंताला दिलं का?

शेवंताच म्हणाली, "सरकारी दवाखान्यात चला. मी बी येतो. मले ऐकायचं हाय."

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी दार लावलं. एवढ्या दिवसांत माझ्यासाठी दार लावणारं पहिलं माणूस. हिंदी-तेलुगू मिसळून बोलल्या, पण कळलं. दोन कागद दोन वेगळ्या तपासण्यांचे होते. पहिली तपासणी तोंडातला प्रकार आणि खालचा प्रकार वेगळा करत नाही, आणि पुष्कळदा नसलेलंही दाखवते. दुसरीनं फक्त खालचा प्रकार शोधला, तो दिसला नाही. फोड ओला असता तर त्यातलंच पाणी काडीवर घेऊन तपासलं असतं. आता सुकला.

"मंग मले हाय का नाई?"

"तोंडातला प्रकार असेल. पुष्कळांना तो लहानपणीच लागतो, घरातल्याच कोणाच्या मुक्यातून. अंगात झोपून राहतो, तापात उठतो. कुठून आला, ते कोणताच कागद सांगत नाही. माणूस कसा आहे, तेही नाही. अलीकडची काही शंका असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासा."

शेवंतानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली, नाही.

"आन पोरीले?" तिनं विचारलं.

बाई हसल्या नाहीत. "फोड असताना मुका घेऊ नका. तान्ह्या लेकराला हे जिवावर बेतू शकतं. ताप आला, दूध तोडलं, तर थेट इथं आणा."

घरी येऊन शेवंतानं पिशवीतले कपडे काढून दोरीवर टाकले.  पाळणा मात्र दूरच ठेवला. मी येता-जाता पोरीच्या कपाळाला हात लावून पाहतो. अजून पाहतो.

मग मास्तरच्या दुकानात भाचा आला. देशमुखांच्या पुतणीच्या लग्नासाठी बँड ठरवायला. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "रिपोर्ट आणला का यानं? दाखव."

दोन्ही कागद खिशात होते. हात खिशाकडं गेलाही. पण आज कागद उघडला की उद्या प्रत्येक मांडवात तोंड उघडायचं. परवा माझ्या पोरीनं उघडायचं. हात बाहेर आला. रिकामा.

"हाय. पण दाखवत नाई."

"काऊन?"

"पयले त्या घोड्यावरच्या नवरदेवाचा आण."

 मास्तर डोळ्यानं माझ्या पाया पडत होता.

भाचा म्हणाला, "भेव वाटून राह्यलं ना?"

"वाटून राह्यलं. माह्या पोरीसाठी. तुह्यं नाई."

 ट्रंपेट काखेत मारला आणि निघालो. मास्तरनं दुसरा माणूस घेतला. घेऊ दे.

ट्रंपेटाला अजून फिनाईलचा वास येतो. मी दारात उभा राहून फुंकतो, पोर झोपली नसेल तेव्हा. घसा जळतो. तोंड मी फुंकायला उघडीन, भाकरीला उघडीन, शिवी द्यायला उघडीन. कोणाला दाखवायला उघडणार नाही.