पुजलेलं हेड

अजूनही खंडेनवमी आली की माझं डोकं फिरतं. बायको झेंडूची फुलं निवडायला बसली की मीच उठून बाहेर जातो. ती म्हणते, "झालं तुमचं सुरू!" झालं तर झालं.

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, पिंपरीत एका कारखान्यात प्रेसवर होते. हातानं पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल दाबायचं, की वरून साचा आदळायचा. एके दिवशी पत्र्याबरोबर उजव्या हाताची तीन बोटं गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा अक्कानं त्यांना आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावला आणि पुन्हा प्रेसवर उभं राहणार नाही असं वदवून घेतलं. त्यांनी तोच तुटका हात ठेवला. मी तिथंच होतो.

मग निघोज्यात, त्यांच्या गावी, दारात एक जुनी तीनचाकी आली, टू-स्ट्रोक इंजिनाची, मागं हौदा असलेली. पहाटे गावातलं दूध कॅनमध्ये भरायचं आणि पहिल्या शिफ्टच्या चहाआधी पिंपरीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनला पोचवायचं. कॅन्टीनवाला एक नंबरचा खवट. "दूध चुकलं की तुम्ही गेलात," असं त्यानं पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. गाडी चालली तर दाजी मोकळे, गाडी बसली तर पुन्हा प्रेस. एवढं ते सरळ होतं.

अडचण होती ती इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावरच्या मोशीच्या चढाची. भरल्या हौद्यानं गाडी तिथं रडायची. त्यात पेट्रोल महागलेलं. सगळे तीनचाकीवाले सर्रास रॉकेल मिसळायचे, दाजीही मिसळायचे. मी चिंचवडला गॅरेजात कामाला होतो. रॉकेलवरचं इंजिन चढाला ठोकायला लागतं, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येतो. तो आवाज मी रोज ऐकत होतो.

इंजिनाचं हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण. आतून त्याला वाटीसारखा घुमट असतो. वाटी उथळ ठेवली तर दाब वाढतो आणि गाडी उसळते. खोल ठेवली तर दाब उतरतो, गाडी मंद होते, पण तापत नाही आणि ठोकत नाही. ओझं, चढ आणि रॉकेल एकत्र आलं की वाटी खोलच पाहिजे. मी एक जुनं हेड मिळवलं, त्याची वाटी वाढवून घेतली आणि खंडेनवमीला निघोज्याला गेलो. त्या हेडवर गाडी बैलगाडीच्या चालीनं चढली असती, पण चढली असती.

तर तिथं पूजेच्या पाटावर दुसरंच हेड बसलेलं!

दाजींचे थोरले भाऊ एका कंपनीच्या टूलरूममध्ये टर्नर होते. त्यांनी तिथल्या लेथवर, सुपरवायझरची नजर चुकवून, ॲल्युमिनियमचं नवंकोरं हेड कातलं होतं आणि जेवणाच्या डब्यातून गेटबाहेर काढलं होतं. तेव्हा बरेच जण असं काहीबाही करून आणायचे, कुणी उलथनं, कुणी अडकित्ता. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू? आत तोंड दिसत होतं. पण वाटी बशीसारखी उथळ! असलंच हेड त्यांनी एका साहेबाच्या स्कूटरला शर्यतीसाठी करून दिलं होतं आणि साहेब जिंकला होता. तेव्हापासून थोरल्यांना जगातली प्रत्येक गाडी शर्यतीचीच दिसायची.

"पाव्हणं, आता मोशीचा चढ कसा पळत चढती बगा," ते म्हणाले.

मी म्हणालो, "दादा, साहेब एकटा होता आणि चोख पेट्रोलवर होता. हितं मागं दूध आहे आणि टाकीत रॉकेल. हे हेड पिस्टन जाळेल. थांबा, दोन्ही वाट्यांत पाणी ओतून दाखवतो, कुठल्या वाटीत किती मावतं ते बघा."

मी हात पुढं केला आणि थोरले कडाडले, "हात लावू नगा! पुजल्यालं हाय. द्येवाफुडच्या हत्याराची मापं काढता व्हय?"

खंडेनवमीला पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. मी म्हणालो, बरं, मग दसऱ्याला मोजू. तर म्हणे, पुजलेलं मोजायचं नसतं, बसवायचं असतं! कुठल्या पोथीत लिहिलंय हे? मी दाजींकडं बघितलं. दाजी जमिनीकडं बघत होते. दवाखान्यात थोरल्यांनी त्यांचं हगणंमुतणं काढलं होतं. त्यांना नाही कसं म्हणणार? "दादानं लई केलंय माझ्यासाठी," एवढंच पुटपुटले.

अक्का दारात उभी होती. तिनं मला हळूच विचारलं, "चालंल का रं?"

"न्हाई चालणार," मी सगळ्यांदेखत म्हणालो. थोरल्या दिरासमोर ती कधी बोललीच नव्हती. मी माझं हेड बाजेखाली भिरकावलं आणि न जेवता निघालो. खड्ड्यात जा, असंही तोंडातून गेलं.

दसऱ्याला त्यांनी ते हेड चढवलं. आणि गाडी पळाली! थोरले गावभर सांगत फिरले, आता पाव्हण्याचं तोंड बगा म्हणून. मी अक्काला निरोप धाडला, निदान रॉकेल तरी घालू देऊ नकोस. काही दिवस दाजींनी घातलं नाही. मग कोरं पेट्रोल परवडेना आणि पुन्हा डब्यातले खडे वाजायला लागले.

व्हायचं तेच झालं. मोशीच्या चढावर, भरल्या हौद्यानिशी, इंजिन ठोकता ठोकता एकदम जाम झालं. गाडी मागं घसरत गेली आणि कडेच्या चारीत कलंडली. दाजी उडी मारली म्हणून वाचले. दूध सगळं चारीत गेलं. निरोप आला तसा मी धावत गेलो आणि तिथंच हेड उघडलं. पिस्टनच्या माथ्याला आरपार भोक! मी अशा शिव्या दिल्या की येणारेजाणारे थांबले. थोरले आले आणि म्हणाले, "पेट्रोलमदी खोट असंल." अहो, तेच तर मी बोंबलून सांगत होतो!

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या गेटवर दुसऱ्याची गाडी लागली. दाजींची चेसीस वाकली होती, ती भंगारात गेली. दाजी भोसरीच्या एका शेडमध्ये कामाला लागले. प्रेसवर. तिथला मालक म्हणाला, उजवा हात निकामी असला म्हणून काय झालं, पत्रा डाव्या हातानं सरकवा. वर स्वतःला दयाळू समजत होता, मेला! अक्का शपथेचं अक्षर बोलली नाही. सकाळी डबा भरून द्यायची, आणि दाजी घरी आले की आधी त्यांचा डावा हात बघायची.

पुढच्या खंडेनवमीला मी गेलो तो फक्त तिच्यासाठी. थोरल्यांनी पाट मांडला होता. कोयता, विळा, नटबोल्टचे पाने, आणि मधोमध, घासूनपुसून लखलखीत केलेलं तेच हेड. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तोंड उघडणार, तोच अक्का पुढं आली. तिनं ते पुजलेलं हेड उचललं आणि खाली जमिनीवर ठेवलं. मग दाजींना पाटापाशी बसवलं आणि त्यांचा डावा हात हेडच्या जागी ठेवला. पाचही बोटांना हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल वाहिलं.

"भावजी," पदर सावरत ती थोरल्यांना म्हणाली, "आमच्या घरात आता येवढंच हत्यार ऱ्हायलंय. ह्येला नमस्कार करा."

थोरल्यांनी केला. दाजींच्या बोटांवरची हळद पाटावर सांडत होती. मी नमस्कार केला नाही. मला इतका राग आला होता की वाकताच आलं नाही.